मामांनी कोकणात ठेवलेल्या मेंढ्या

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर मेंढ्या राखल्या, आणि मेंढ्या विकल्यावर एक थाप राखली. तीही मेंढ्यांइतक्याच निगुतीनं. रोज तिला चारायला न्यायचं, नवी कोकरं झाली की तीही सांभाळायची, कुणाची नजर लागू द्यायची नाही. त्या थापेला चारा मात्र माझ्याच हातून मिळाला. ते चित्रांचं पुस्तक मी घरात आणलं नसतं, तर ती चार दिवसांत उपाशी मेली असती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. दोघं फलटणच्या पुढं, माणदेशाच्या वाटेवरच्या एका गावात राहायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मीही धनगराचीच लेक, पण माझ्या वडिलांनी मेंढरं सोडून मिलिटरी धरली आणि माझं बालपण कुठल्या कुठल्या छावण्यांत गेलं. लग्न होऊन आले तेव्हा शेळी आणि मेंढी यांतला फरक मला ओळखता येत होता, त्यापलीकडं काही नाही. आत्या अजून पाहुण्यांना सांगतात, "आमच्या सूनबाईनं पयल्याच दिशी बोकडाला मेंढी म्हणून हाक मारली." हे साफ खोटं आहे. तो बोकड नव्हता, एडका होता. नर मेंढा तर नर मेंढा, पण मेंढरातला होता, हे त्या सांगत नाहीत.

मामांचे गुडघे गेले होते. माझा नवरा साताऱ्यात नोकरीला, कळपामागं चालणारं दुसरं कुणी नाही. शिवाय गावाकडं कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि जिथं आधी मोकळं माळरान होतं तिथं मेंढरू जरा वाकडं गेलं की शिवीगाळ सुरू व्हायची. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मामांनी अख्खा कळप एका व्यापाऱ्याला देऊन टाकला. तो मेंढ्या कुठं नेणार हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीला दोघं आमच्याकडं साताऱ्याला आले ते राहायलाच.

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मामांना बघणं ही एक करमणूकच होती. सकाळी उठून ते गॅलरीत उभे राहायचे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं गवत बघायचे आणि हळहळायचे, "एवढं गवात, आन् खायाला कुनीच न्हाई." मग आत येऊन टीव्हीसमोर बसायचे. थोड्या वेळानं पुन्हा गॅलरीत. आत्या वैतागायच्या. "आवं, बसा की एका जाग्याव! मेंढरं इकली, आता तुमास्नीच वाघरात कोंडायची येळ आली." वाघर म्हणजे रात्री मेंढरं ज्यात कोंडतात ती जाळी. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि टीव्हीवरच्या बातम्या बघत राहायचे.

अवघड गोष्ट एकच होती. आमची लेक पाच वर्षांची, आणि त्या कळपातली एक मेंढी तिची होती. आई मेलेलं कोकरू, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. रंग काळाभोर, कपाळावर पांढरा चांद, म्हणून तिचं नाव चांदी. मामा चांदीला मागं ठेवणार होते, पण एकटी मेंढी जगत नाही, कळपासाठी ओरडून ओरडून जीव टाकते. त्यामुळं सगळ्यांबरोबर तीही गेली. हे पोरीला कुणी सांगायचं, यावर आम्ही मोठी माणसं मूग गिळून बसलो होतो.

अशात मी साताऱ्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनातून ते पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याची पानं, समुद्रकिनारा आणि त्यावर पाच दोस्त: एक कासव, एक खेकडा, एक पांढरा पक्षी, एक तपकिरी कुत्रा आणि डोक्यावर गवताची टोपी घातलेली एक मेंढी. सकाळी सगळे किनाऱ्यावर जमतात आणि वाळूचं घर बांधतात. लाट येऊन घर घेऊन जाते. खेकडा रुसतो, मेंढी त्याची समजूत घालते, सगळे मिळून पुन्हा घर बांधतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. पानाला एक ओळ, तीही ओढूनताणून यमक जुळवलेली. मेंढी अशी गुबगुबीत आणि पांढरीशुभ्र होती की मामा तिला पहिल्यांदा बघून म्हणाले, "ही काय मेंढी हाय व्हय? गादी हाय ही."

पोरगी त्यांच्या मांडीवर बसून पान उलटत होती. त्या गादीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आबा, आपल्या मेंढ्या आता कोण राखतंय?"

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, माझा हात थांबला. शेजारी आत्या लसूण सोलत होत्या, त्यांचाही थांबला. मामांनी घसा खाकरला.

"कोकनात हायत्या त्या."

"कोकणात कुठं?"

मामांनी मदतीसाठी इकडंतिकडं बघितलं असणार, आणि मदत मांडीवरच उघडी पडली होती. "ह्यो काय," ते म्हणाले. "समिंद्राकडंला."

तशी ही थाप अगदीच वाऱ्यावरची नव्हती. दिवाळी झाली की आमच्याकडचे वाडे कोकणात उतरतात. वाडा म्हणजे इथं घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असं ते अख्खं चालतं बिऱ्हाड. घाट उतरून खाली जायचं, भात काढलेल्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला मिळतं आणि तो धान्य देतो. पावसाच्या आधी परत वर यायचं. मामा-आत्यांचा निम्मा संसार असाच पायी झालेला. त्यामुळं पोरीला संशय यायचं कारण नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात?"

"माजं गुडघं दुखत्यात न्हवं? म्हणून औंदा आर्धलीनं दिल्यात."

आता आर्धली म्हणजे काय, हे शहरातल्या नातीला समजावून सांगायची गरज नव्हती, पण मामा रंगात आले होते. त्यांनी सांगितलं: मेंढी आपलीच राहते, राखणारा दुसरा असतो, होणारी कोकरं निम्मी त्याची आणि निम्मी आपली. मालकानं मागितली की मेंढी परत द्यायची. ह्याला कागद लागत नाही, दिलेला शब्द पुरतो. पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. आत आत्यांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुस्तकात छापलेली गोष्ट बंद पडली आणि मामांची सुरू झाली. पानापानावर चांदी आली. खेकडा म्हणजे भावकीतला दुसऱ्याचा बांध कोरणारा माणूस, कायम वाकड्यात शिरणारा. कासव म्हणजे गावचा पोलीस पाटील: सगळं ठाऊक असतं, पण यायला उशीर होतो. कुत्र्याबद्दल मामांचं मत बरं होतं. पांढऱ्या पक्ष्यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "काम न्हाई धंदा न्हाई, निस्ता मेंढराच्या पाठीव बसून फुकाट हिंडतोय." चांदीनं टोपी का घातलीय असं पोरीनं विचारलं, तर, "तितं ऊन लय असतं." एकदा तर पोरीनं काळा खडू घेऊन पुस्तकातली ती पांढरी मेंढी सगळ्या पानांवर काळी करून टाकली, फक्त कपाळावर चांद राखला. कोरं करकरीत पुस्तक! मी ओरडायला गेले तर मामाच मध्ये पडले. "आगं, आता कुटं मेंढीवानी दिसाय लागली ती. ऱ्हाऊ दे."

मला मजा वाटायची. मी शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आले की मी मुद्दाम विचारायचे, "मामा, काय म्हणतीय आज चांदी?" ते चष्मा पुसत गंभीरपणे सांगायचे, "भरती हुती आज. पाय वलं झालं तिचं." आत्या माझ्याकडं बघून डोळे वटारायच्या. म्हाताऱ्याला आणखी चढवू नकोस, असा त्याचा अर्थ.

एकदा मात्र मामांचं घोडं पेंड खायला लागलं. पोरीनं विचारलं, "आबा, समुद्राचा आवाज कसा येतो?"

मामांनी एक पान पुढं उलटलं, मग मागं उलटलं. "आवाज म्हंजी... येतो की."

"पण कसा?"

"त्यास्नी काय इचारतीस, बाय?" आत्या आतून ओरडल्या. "जलमभर कोकनात गेलं, समिंद्र कवा बघितलाय त्यांनी?"

आणि ते खरं निघालं. सारी उमर दरवर्षी कोकणात उतरून मामांनी समुद्र बघितलाच नव्हता. महाडच्या आसपासच्या शेतांत मेंढरं बसवायची आणि घाट चढून परत यायचं. मी थक्क झाले. "मामा, इतक्या जवळ जाऊन एकदा तरी बघावासा वाटला नाही?"

"बघून काय करू? चरायचा हाय का त्यो?"

पोरगी विचारात पडली. "मग चांदी तुमच्याशिवाय गेली समुद्रावर?"

"ती माज्यापरीस शानी हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी पटकन खेकड्याचं पान काढलं.

दिवस गेले तशी माझी मजा कमी होत गेली. पोरगी वाट बघायला लागली होती. पावसाच्या आधी वाडे परत येतात हे तिला माहीत होतं. तिनं गॅलरीतल्या कुंड्या एका कोपऱ्यात सारल्या आणि चांदीसाठी जागा केली, तिथं स्वतःची जुनी चादर अंथरली. आमच्या घरात खरं बोलणारं माणूस एकच, आबा, असं तिचं ठाम मत. मी औषध गोड आहे म्हणते आणि ते कडू निघतं. बाबा पाच मिनिटांत येतो म्हणतात आणि जेवणं झाल्यावर उगवतात. आजी तर हरएक गोष्टीला बागुलबुवा आणते. आबांनी तिला आजवर फसवलं नव्हतं. मामांच्या मेंढ्या गेल्या होत्या, गाव सुटलं होतं, ते सकाळी उठत होते ते या पोरीसाठी. ही थाप फुटली तर तिच्या लेखी आबाही आमच्यातलेच एक होणार होते, आणि मग मामांपाशी काय उरणार होतं, याची मला खरोखर भीती वाटायला लागली. मी नवऱ्याला म्हणाले, "सांगून टाका तिला आता." तो म्हणाला, "नाताळच्या सुट्टीत बघू." त्याच्या सगळ्या गोष्टी सुट्टीत बघायच्या असतात.

सुट्टी लागली. पोरीनं बापाला विचारलं, "आपण चांदीला भेटायला समुद्रावर जाऊया?" बापाचं डोकं मोबाइलमध्ये होतं. "जाऊ की," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शब्द गेला, तोही आबांच्या समोर, आणि पोरगी दप्तर रिकामं करून त्यात टॉवेल भरायला धावली. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"खोट्याच्या कपाळी गोटा," आत्या म्हणाल्या. "आता बसा गाडीत." आणि त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अर्धा किलो गूळ बांधून घेतला. समुद्रावर काही मिळत नसणार अशी त्यांची खात्री होती.

महाबळेश्वरमार्गे निघालो. तिथं टॅक्स्यांच्या गर्दीत अडकलो तेव्हा पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारी घोडी बघून आत्यांना फार वाईट वाटलं. "आपली घोडी बिऱ्हाड तरी वाहत्यात," त्या म्हणाल्या. "हितली निस्ती मानसं वाहत्यात." घाट सुरू व्हायच्या आधी चहाला थांबलो. मामांनी मला बाजूला घेतलं आणि आपला बेत सांगितला. समुद्रावर पोचलं की म्हणायचं, मेंढरं कालच पुढच्या गावाला गेली. वाडा काय एका जाग्याव थांबतो व्हय? पोरगी समुद्र बघून विसरून जाईल. बेत मला पटला. मीही त्यांच्यात सामील झाले.

महाड मागं टाकून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर, भात काढलेल्या शेतात, अख्खा कळप. आमच्यातलं मोठं माणूस एकही बोललं नाही. नवऱ्यानं उलट गाडीचा वेग वाढवला. पण पोरीचं नाक काचेलाच चिकटलेलं होतं.

"चांदी!" ती किंचाळली. "आबा, आपल्या मेंढ्या!"

गाडी थांबवावीच लागली. वाडा आमच्याच बाजूचा निघाला. पालाजवळ माझ्याच वयाची एक बाई चुलीपाशी बसली होती, साडीवर स्वेटर घातलेला. पालावर सोलरची प्लेट टाकलेली आणि तिच्यावर मोबाइल चार्ज होत होता. तिचे सासरे बांधावर बसून लोकर कातत होते. आमच्यात दोन माणसं जरा बोलली की नातं निघतंच. आत्यांनी गाव विचारलं, त्या बाईनं माहेर विचारलं, आणि तिची मावशी आत्यांच्या माहेरच्या गावात दिलेली निघाली. मामा मात्र त्या बाईच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होते. तिनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं आणि मान हलवली.

"व्हय गं बाय," ती पोरीला म्हणाली. "तुज्या आबाचीच मेंढरं ही. आमी आपली राखतोय."

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण माणूस भलं होतं. ती कळपात शिरली आणि एक काळी मेंढी मागच्या पायाला धरून ओढत घेऊन आली. तिच्या कपाळावर पांढरं होतं. चांद कसला, जरा चुना सांडल्यासारखा डाग होता, पण पोरीला तेवढा पुरला. तिनं मेंढीच्या गळ्याला मिठी मारली, तिच्या लोकरीत तोंड खुपसलं. मेंढीच्या पोटाखाली एक कोकरू लुचत होतं, ते बघून तर ती नाचायलाच लागली. मामा शेजारी उभे राहून हसत होते. साताऱ्याला आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. माझेही डोळे भरून आले, खोटं का बोलू.

मग पोरीनं डोळे पुसले आणि मेंढीचा कान धरला. "चल चांदी, घरी."

"आगं, घरी कुठं," मी म्हणाले.

"का? आर्धलीनं दिल्यात ना? मेंढी आपली. मागितली की द्यायची. कोकरू त्यांच्या वाट्याला राहू दे." ती मामांकडं वळली. "आबा, हिला गाडीत घ्या."

त्या बाईचं हसू तिथंच थांबलं. पोरगी अगदी आमच्या रीतीप्रमाणं बोलली होती आणि मेंढी आबांची आहे असं बाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं. बांधावरच्या म्हाताऱ्यानं सूत कातायचं थांबवलं. "पाव्हनं," तो मामांना म्हणाला, "सून तुमची म्हनली म्हंजी तुमची. शबुद दिला आमी." तो चेष्टा करत होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. तो वाट बघत होता एवढं खरं.

आमच्या घरात खोटं बोलायला माणसांची कमतरता नाही. नवरा लगेच म्हणाला की गाडीत जागा नाही. आत्या म्हणाल्या, "बाय, तिचं पिल्लू दुधाव हाय, आय नेली तर मरंल की त्ये." हे कारण उत्तम होतं. पोरीनं कोकराकडं बघितलं, तिला ते पटलं. "मग पावसाच्या आधी आणाल ना, आबा?" तिनं विचारलं. मामांनी फक्त व्हय म्हणायचं होतं.

"न्हाई," मामा म्हणाले.

ते गुडघ्यावर हात देत बांधावर बसले. "बाय, ही चांदी न्हाई. ही मेंढी ह्यांची हाय. आपली आसती तर मी खोटं बोललो आसतो अजून, पर दुसऱ्याच्या मेंढीला माजी म्हनाय जीब वळंना."

"मग चांदी कुठं आहे?"

"इकली. समद्या इकल्या."

"कुणाला?"

मी मामांच्या तोंडावर हात ठेवायला निघाले होते. पण ते म्हणाले, "खाटकाच्या मानसाला," आणि पोरीच्या डोळ्यात बघत म्हणाले.

पोरीनं मेंढीचा कान सोडला. ती रडली नाही. एकटी चालत गाडीपाशी गेली, आत बसली आणि दार लावून घेतलं. ती बाई कळवळून म्हणत होती, "मी उगं व्हय म्हनलं वो, माझंच चुकलं." तिच्या सासऱ्यानं मामांना हात देऊन उठवलं. "बरं केलंसा," तो म्हणाला. 

 समुद्र आला तेव्हा दुपार कलली होती. मामांनी जन्मात पहिल्यांदा तो बघितला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. आत्यांना राहवलं नाही. "बघा आता. चरायचा का?" मग त्या साडी वर खोचून पाण्यात गेल्या आणि लाटांनाच ओरडायला लागल्या. नवरा पोरीचा हात धरून त्यांच्या मागं गेला. ती पाण्यात उभी होती पण खेळत नव्हती. मामा कोरड्या वाळूवर पायातले बूट न काढता बसले. मी त्यांच्याजवळ गेले.

"येईल ती, मामा. लहान आहे."

"न्हाई आली तरी तिचं बरूबर हाय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ती आली. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला, हात पाठीमागं बांधलेले. शाळेत बाई उभ्या राहतात तशी ती मामांसमोर उभी राहिली.

"चांदीनं मागं वळून बघितलं होतं का?"

मी असते तर म्हणाले असते, नाही गं, आनंदानं उड्या मारत गेली. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"ठावं न्हाई," मामा म्हणाले. "मी तिकडं पाठ करून हुबा हुतो."

"का?"

"बघवंना मला."

तिनं यावर विचार केला. "मी असते तर बघितलं असतं," ती म्हणाली. "हाक पण मारली असती तिला."

"व्हय बाय. तू पायजे हुतीस तितं. तुला बोलवायला पायजे हुतं."

एवढं बोलून मामा रडायला लागले, तोंडावर हात न घेता, आवाज करून. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. पोरगी त्यांच्या शेजारी वाळूत बसली, मग तीही रडायला लागली. चांदी जाऊन दोन महिने झाले होते आणि आमच्या घरात तिच्यासाठी अजून कुणी रडलंच नव्हतं. ती दोघं रडत राहिली आणि मी, नवरा आणि पाण्यातून परत आलेल्या आत्या त्यांच्याजवळ उभे राहिलो.